बागवान विरुद्ध पारवा

सगळा गाव त्यांना खटपटे सर म्हणायचा. इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास चाले. खालच्या वाफेनं वरचे कागद प्रिंटरमध्ये जायच्या आधीच मऊ पडत, आणि कीबोर्डवरची अक्षरं पोरांच्या बोटांनी इतकी पुसली गेली होती की नव्या विद्यार्थ्याला ती अंदाजानंच शोधावी लागत. पण सर शिकवायचे जीव ओतून.

जीव मात्र त्यांचा एका जागी कधी नसायचा. ते घड्याळं उघडत, मेंडोलिन वाजवत, तारे बघत. गच्चीवर त्यांनी कुंड्या मांडल्या होत्या आणि कुंड्यांशेजारीच कबुतरं पाळली होती. बायको दंतवैद्याकडे मदतनीस होती. ती म्हणायची, "अहो, एखादा छंद पुरा करा, मग दुसरा धरा."

"पुरा झाला की संपला की गं तो," सर म्हणायचे.

उरल्या वेळात ते लिहायचे. मिक्सरची माहितीपत्रकं, कुणाच्या निवृत्तीची भाषणं, जे काम येईल ते. गावातल्या साप्ताहिकात 'बागवान' या नावानं ते झाडांवर सदर लिहीत. पुढे कबुतरांवरही लिहावंसं वाटलं. पण संपादकांचा नियम होता, एका माणसाला एकच सदर. म्हणून मेव्हण्याच्या ईमेलवरून त्यांनी 'पारवा' या नावानं दुसरं सदर सुरू केलं. सरांच्या घरी याचा पत्ता नव्हता, आणि संपादकांना ना बागवान माहीत होता, ना पारवा. सरांना ते ओळखत, पण ऑफिसातला कॉम्प्युटर अडला की येणारा माणूस म्हणून.

सगळं सुरळीत होतं. मग एके सकाळी कबुतरांनी वांग्याची कोवळी रोपं मुळापर्यंत फस्त केली. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरीमिरीत बागवानानं लिहिलं, 'कबुतर म्हणजे पंख फुटलेला कृतघ्नपणा.' लेख पाठवून सर दाणे टाकायला गच्चीवर गेले. कबुतरांच्या माना उन्हात चमकत होत्या. सरांना भरून आलं. दुसऱ्या आठवड्यात पारव्यानं उत्तर दिलं, 'ज्याला चार रोपं राखता येत नाहीत, त्यानं आभाळाला शिव्या देऊ नयेत.'

हे छापून आलेलं वाचलं आणि सरांना ते फार लागलं. चार रोपं? अहो, चांगल्या दोन कुंड्या भरून होती! त्यांनी लगेच खरमरीत उत्तर लिहिलं, आणि ते उत्तर वाचून त्यांना पुन्हा तितकाच राग आला. दाढी करताना सर आरशातल्या माणसाशी बोलेनासे झाले.

भांडण घरात शिरायला वेळ लागला नाही. बायको पारव्याच्या बाजूची, सरांकडेच राहणारे सासरे बागवानाच्या. जेवताना दोघं एकमेकांकडे मीठसुद्धा मागेनात.

"दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे," सर म्हणाले.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "तुम्हाला कशावरच ठाम मत नाही, हीच तुमची अडचण."

गावातही दोन तट पडले. रोपवाटिकावाला कबुतरवाल्यांना रोपं देईना. संपादक भलतेच खूश झाले आणि त्यांनी जाहीर करून टाकलं: सभागृहात बागवान आणि पारवा समोरासमोर!

 सर धावतपळत संपादकांकडे गेले. "साहेब, ते दोघंही मीच आहे."

संपादक पोट धरून हसले. "सर, बागवानाची भाषा कशी भारदस्त, पारव्याची कशी लाडिक! आणि तुम्ही? इथे येता, 'वायर सैल आहे' म्हणता आणि जाता. ते राहू द्या. त्या दिवशी माइक तेवढा सांभाळा."

त्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. मंचावर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या आणि माइकची वायर हातात धरून सर कोपऱ्यात घामाघूम झाले होते. आता कोणीच येणार नाही आणि सगळा बोभाटा होणार, असं त्यांना वाटत असतानाच एक निवृत्त बस कंडक्टर ताठ मानेनं वर चढले. त्यांच्या नखांत माती होती. "मी बागवान," ते म्हणाले. टाळ्या विरताहेत तोवर दुसऱ्या बाजूनं एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या केसांत ज्वारीचा दाणा अडकला होता. "आणि मी पारवा."

सरांच्या हातून वायर गळून पडली.

पण काय बोलले ते दोघं! कंडक्टर प्रत्येक वाक्य शेवटच्या सीटपर्यंत पोचवत होते. बाई त्यांचा मुद्दा उसवायच्या आणि वर नीट टीप मारून परत करायच्या. शेवटी कंडक्टर म्हणाले, "बरं, एक वाफा मी पाखरांसाठी वेगळा पेरीन." बाई म्हणाल्या, "मग कबुतरांचं खत पोत्यानं घेऊन जा." सरांना हे कधी सुचलंच नव्हतं! बायकोनं डोळे पुसले, सासऱ्यांनी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि सर तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. आपली नावं चोरीला गेली आहेत, हे त्यांना घरी पोचल्यावर आठवलं.

तेव्हापासून सदरं ते दोघंच लिहू लागले. फक्त टायपिंग येत नव्हतं, म्हणून संपादकांनी त्यांना सरांच्या क्लासला घातलं. दोघं शेजारशेजारच्या मशीनवर बसत. पहिल्याच दिवशी सरांनी कंडक्टरांना बाजूला घेतलं.

"काका, खरं सांगा. आधीचे लेख तुम्हीच लिहिलेत?"

कंडक्टर जरा विचारात पडले. "लिहिल्याचं आठवत नाही बुवा. पण गल्लीतले सगळे म्हणायला लागले, बागवान तो तुम्हीच. म्हणून वाचून पाहिलं. शब्दन् शब्द माझाच निघाला."

पलीकडून बाई म्हणाल्या, "माझंही अगदी तसंच झालं. सर, तो 'क्ष' कुठून काढायचा?"

सरांनी 'क्ष' दाखवला. मग राहवेना म्हणून खुर्ची ओढून ते कंडक्टरांजवळ बसले आणि पुढच्या लेखासाठी एक झकास सुरुवात सुचवली.

कंडक्टरांनी मन लावून ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नको सर. बागवान असं नाही लिहायचा."

सरांनी वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. खरंच, बागवानानं नसतं लिहिलं.