हे तुम्ही टाकलंत का?

ओरोसच्या एका कचेरीत मी कंत्राटावर संगणक सांभाळते. कोणाचा रखडला की हाक येते, "मॅडम, जरा बघा ना, मेलाय हा." मेलेला नसतो. कोणीतरी फुकटातलं काहीतरी उतरवून घेतलेलं असतं आणि त्याच्याबरोबर बिनबोलावलेले पाहुणे येऊन बसलेले असतात.

मी एकेक फाइल उघडून तिची डिजिटल सही तपासते. सहीवरून ती कोणी बनवली ते कळतं, आणि नंतर तिच्यात कोणी हात घातला नाही हेही कळतं. बस, एवढंच. सही चोख असलेली फाइलसुद्धा नकोशी असू शकते. ती व्हायरस नसते; कोणाला तरी ती हवीही असेल. म्हणून पुसण्याआधी मी त्या टेबलाच्या मालकाला विचारते, "हे तुम्ही टाकलंत का? काढू?" सकाळपासून शुद्ध मराठी बोलणारे साहेबही मग चटकन मालवणीवर येतात, "माका काय म्हायत नाय गो त्याचा." टाकलेलं त्यांनीच असतं. मला दरवेळी हसू येतं.

घरी आचऱ्याला मी आणि सासूबाई. नवरा जहाजावर. मध्ये एकदा फोनवर तो सहज म्हणाला, "गोव्याक नोकरी बघतंस काय गो?" बघत होते, पण कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. मला वाटलं, इतक्या लांबून बायकोच्या मनातलं ओळखतो मेला. खरं सांगते, बरं वाटलं मला.

मग एका रविवारी दुपारी माझाच लॅपटॉप रखडला. सासूबाई आत बांगडे तळत होत्या. सवयीने मी फाइली तपासायला घेतल्या. एकीचं नाव ओळखीचं वाटेना. सही होती, अगदी बरोबर होती. बनवणाऱ्या कंपनीचं नाव शोधलं, तर तिच्या पानावर लिहिलेलं, 'आपल्या माणसांवर लक्ष ठेवा.' मी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, उघडलेलं प्रत्येक पान ती फाइल दुसऱ्या कोणाला तरी दाखवत होती. अँटिव्हायरसने तिला कधीच धरलं असतं, पण हिच्याकडे बघू नकोस असं त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं. पासवर्ड माझ्याशिवाय एकालाच ठाऊक. तारीख बघितली. नवरा रजेवर आला होता तेव्हाची. त्या दिवशी आम्ही दोघी वालावलला देवळात गेलो होतो आणि तो पोट दुखतंय म्हणून घरी थांबला होता. येताना मी त्याच्यासाठी शहाळं आणलं होतं.

राग यायला हवा होता. माझा राग शेजाऱ्यांनाही माहीत आहे, भांडी वाजतात. पण आलाच नाही. हात मांडीवर पडून राहिले, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे.

"बांगडे निवाक लागले गो, जेवक ये," सासूबाई म्हणाल्या.

"येतंय," म्हटलं. गेले, जेवले, काटे बाजूला काढले, ताटं घासली. बांगड्याला चव होती की नव्हती, देव जाणे. सासूबाई पाठ टेकायला गेल्या आणि मी परत लॅपटॉपपुढे येऊन बसले.

पुसायचं म्हटलं तर कितीसं काम! पण विचारल्याशिवाय मी कोणाचंच काही काढत नाही. लॅपटॉपवर एक कोरं पान उघडलं आणि त्यावर टाइप केलं, "ह्यां तुमी टाकलात काय? काढू?" ते कोणाला पाठवलं नाही. नुसती बघत बसले.

फोन वाजला. त्याचा फोन दिवेलागणीला येतो, आज मासे काय आणलेस म्हणून विचारतो. अजून अंगणात ऊन होतं. मी फोन उचलून कानाला लावला.

"माका काय म्हायत नाय गो त्याचा," नवरा म्हणाला.