थोरल्यांचा दगड

रविवार, मार्च १९४४. विहिरीवर हजर: थोरले, मी आणि बोर्डिंगातले सहा भाऊ. यायचा बाकी: चौक गावचा नवा मुलगा. गैरहजर: पाणी.

हजेरी माझ्याकडे असे, बाकी सगळं थोरल्यांकडे. कर्जतच्या आमच्या बोर्डिंगात गावकुसाबाहेरची मुलं शिकायला राहत. मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसलेल्या थोरल्यांनी त्यांचं भाऊमंडळ काढलं. गावच्या विहिरीला हात लावायची आम्हाला बंदी, म्हणून मंडळ दर रविवारी वस्तीसाठी विहीर खणत होतं. नव्या भावाची दीक्षा ठरलेली: डोळ्यांवर पंचा, डोक्यावर मातीचं घमेलं. तो बोलू लागला की थोरले ओरडत, “आदी घमेलं, मग नाव!”

त्या सकाळी टोपीवाला एक तरुण आला. “इथला प्रमुख कोण?” असं त्यानं विचारेपर्यंत आम्ही पंचा बांधलासुद्धा.

“अरे, मी कचेरीचा—”

“आदी घमेलं, मग नाव!”

“विहिरीची तक्रार—”

“बोलला रं! अजून एक द्या याला.”

बिचाऱ्यानं वाहिली हो! तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. आणि मग खरा चौकचा मुलगा ट्रंक घेऊन समोर उभा राहिला.

पंचा सुटला. कारकून खोदकाम थांबवायचा हुकूम घेऊन आला होता. आम्ही घमेली खाली ठेवली. थोरल्यांनी मात्र हात जोडले.

“रावसाहेब, चूक झाली. चला, गावात सगळ्यांसमोर माफी मागतो. तुमाला कोन कोन शिवलं, किती माती वाहिलीत, समदं सांगतो.”

“गावात कशाला?” कारकून दचकला.

“मग काय सांगू?”

“मी आलोच नव्हतो.” हुकूम खिशातच राहिला. टोपी झटकून तो निघाला, थबकला. “माझं नाव नाही विचारलंत?”

“सांगा की, भाऊ,” थोरले म्हणाले.

त्यानं सांगितलं. मी हजेरीत घेतलं.

दुसरा हुकूम आला तेव्हा विहिरीला पाणी लागलं होतं. तो आणणाऱ्यापुढे थोरल्यांनी भरला तांब्या धरला, आणि विहीर राहिली ती राहिलीच.

बोर्डिंग सोडताना प्रत्येक भावानं विहिरीच्या कठड्याला एक दगड लावायचा. थोरले म्हणत, “माझा म्हातारपणी. घाई नाय.” पुढल्या वर्षी डोंगरातल्या वाडीवर पटकीची साथ आली. ते औषध घेऊन चढले आणि त्याच साथीनं तिथंच गेले.

कठड्यात एक जागा अजून रिकामी आहे. दगड घडवून ठेवलेला आहे. मंडळाच्या दर बैठकीत मी हे काम पहिलं मांडतो, आणि कुणीतरी भाऊ म्हणतोच, “थोरल्यांनी सांगितलंय ना? घाई नाय.”

दगड लावायचा बाकी.