इकडे बघू नका

लेकीच्या लग्नाच्या अल्बममधला एक फोटो मी सध्या घरी येईल त्याला दाखवतो.

फोटोग्राफर तिनेच ठरवला होता. तो कुणालाही ‘इकडे बघा’ म्हणत नाही, जे घडेल ते टिपतो. ती म्हणाली, “बाबा, तुमचा तुमच्यासारखा एकही फोटो माझ्याकडे नाही. प्रत्येकात तुम्ही निवडणुकीला उभे असता. जाताना एक तरी न्यायचाय मला.”

म्हटलं, त्यात काय अवघड! लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून सहज वागण्याचा कसून अभिनय केला. मंगलाष्टकं चालू असतानाही अर्धं लक्ष कॅमेऱ्याकडे ठेवून डौलात अक्षता उधळल्या, त्या थेट गुरुजींच्या उघड्या तोंडात गेल्या. ‘सावधान’ अर्ध्यावरच अडकलं. अंतरपाटामागे नवरी फिस्सकन हसली आणि मी जीभ चावली.

हाच तो फोटो. आपला खरा चेहरा आपल्याला आरशातही भेटत नाही, कारण आरशासमोर आपण तयारीनेच जातो. तो घरच्यांनाच तेवढा ठाऊक असतो.

“काय हा अवतार!” बायको म्हणाली.

लेकीने मात्र अल्बम सासूबाईंपुढे सरकवला. “आई, हे बघा, हे माझे बाबा.”