सत्कारात गेलेलं गाणं

आमच्या कोल्हापुरात माणसाला नुसतं बोलावत नाहीत, त्याचा सत्कार करतात. बाहेरच्यांना याचं फार कौतुक. मला नाही. हार, शाल आणि श्रीफळ एका ताटात दिसलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी मामेबहीण पुण्याला शिकायला होती. तिच्या ओळखीची चार पोरं गिटार-ड्रम घेऊन स्वतःची गाणी करायची. स्वतःच लिहायची, स्वतःच चाल लावायची आणि कुणाच्या तरी खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्ड करायची. कंपनी वगैरे काही नाही. कॅसेटचं कव्हर म्हणजे झेरॉक्सचा कागद, त्यावर मार्करनं बँडचं नाव. नवी कॅसेट निघाली की बहीण कोल्हापूरला येणाऱ्या कुणाच्या तरी हातात ती कोंबायची. मी एसटी स्टँडवर जाऊन घेऊन यायची आणि घरी टेपला कान लावून बसायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "मांजरानं भांडी पाडल्यागत वाजतंय. बंद कर की ते." मी आवाज कमी करायची, बंद नाही.

गाण्यांत काय होतं? आमच्याच वयाची माणसं होती. नोकरी न लागणारी, घरच्यांना वैतागलेली, प्रेमात आपटलेली. गायक सुरात फार नव्हता, पण खोटं गात नव्हता. गल्लीत ही गाणी ऐकणारी मी एकटीच. मैत्रिणींना ऐकवली, त्या हसल्या. मग ऐकवायचं सोडून दिलं.

बहीण त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला जायची आणि फोनवर सांगायची, समोर उभं राहिलं की ड्रम छातीत वाजतो, टेपमध्ये त्याचं काहीच येत नाही. मला तिचा हेवा वाटायचा, चांगला कडकडीत हेवा. मी पुण्याला जायचं म्हटलं की वडील एवढंच म्हणायचे, "लगीन झाल्यावर नवऱ्यासंगट जा कुठं जायचं ते." आणि लग्न ठरलंच होतं. जयसिंगपूरचं व्यापारी घर, भरलेलं, कडक. तिथं गेल्यावर कसलं गिटार आणि कसलं काय, हे मला न सांगता कळत होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्या पोरांना समोर ऐकायचं होतं.

मी जात नाही तर त्यांना इथं आणायचं, असं डोक्यात आलं. माझा मोठा भाऊ गल्लीतल्या तालीम मंडळाचा अध्यक्ष. मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला होता. त्याच्या मागं लागले, जेवण सोडलं, अबोला धरला. शेवटी दादा म्हणाला, "बरं, बोलव तुझ्या त्या पोरास्नी. पर कार्यक्रम आमच्या पद्धतीनं हुणार." मी आनंदात पद्धत म्हणजे काय हे विचारलंच नाही. बहिणीकडून उलट निरोप आला की पोरं येतायत, आणि एक नवं गाणं झालंय, अजून कुठंच म्हटलेलं नाही, ते पहिल्यांदा कोल्हापुरात म्हणणार आहेत. त्या आठवड्यात मी जमिनीवर नव्हते.

पोरं आली. दादानं त्यांना पोटभर मटण घातलं. संध्याकाळी त्यांनी स्टेजवर तारा जोडल्या, आणि मग आमची पद्धत सुरू झाली.

दीपप्रज्वलन. स्वागतगीत. पाहुण्यांची ओळख. नगरसेवकाचा सत्कार, मग त्याचं भाषण. तालमीच्या वस्तादांचा सत्कार. वस्तादांचा झाला म्हणून माजी अध्यक्षांचा, तो झाला म्हणून मंडपवाल्याचा. एकाला शाल दिली की शेजारचा रुसतो, म्हणून त्यालाही शाल. प्रत्येक वक्ता व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेऊनच तोंड उघडायचा. मग पोरांची पाळी आली. त्यांना खुर्च्यांवर बसवून एकेकाला फेटा बांधला. बांधणारा हौशी, मनासारखा तुरा आला नाही की सोडून पुन्हा बांधायचा.

आणि ओवाळायला कुणाला उभं केलं? मला. घरची पोरगी म्हणून. मी ज्यांची गाणी पाठ करून बसले होते त्यांच्या कपाळाला मी कुंकू लावत होते. ड्रम वाजवणारा हळूच म्हणाला, "ताई, आम्ही सुरू कधी करायचं?"

मी ताट घेऊन तशीच दादाकडं गेले. "दादा, आता गाऊ दे की त्यांना. धा वाजले की पोलीस स्पीकर बंद करतील."

"आगं, पावणं हायती ती. मान नको व्हय द्यायला? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

मान देऊन झाला तेव्हा हवालदार स्टेजच्या कडेला घड्याळ बघत उभा होता. पोरांनी एक जुनं गाणं म्हटलं. ड्रमवाल्याचा फेटा डोळ्यांवर घसरला, लोक खदाखदा हसले आणि टाळ्या वाजवल्या. ड्रम खरंच छातीत वाजत होता, बहीण खोटं बोलली नव्हती. गायक माइकजवळ येऊन म्हणाला, "आता एक नवं गाणं..." आणि हवालदारानं हात वर केला. दादानं स्वतः माइक बंद केला, कायदा पाळणारा अध्यक्ष म्हणून. जाताना गायक मला म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की." नारळ कुठं ठेवायचा हे त्याला कळत नव्हतं.

पुढची वेळ आली नाही. मी जयसिंगपूरला गेले. दोन-तीन वर्षांत बँड मोडला. एक अमेरिकेला गेला, एक बँकेत लागला, बाकीच्यांचं बहिणीलाही ठाऊक नाही. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, जगातली गाणी घरबसल्या मिळायला लागली, तेव्हा मी तिला त्या नव्या गाण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, ते त्यांनी कधी रेकॉर्डच केलं नाही.

तालमीत मात्र सत्काराचा फोटो लावलाय. चार फेटे, चार शाली, मधोमध दादा. माहेरी गेले की तो हटकून दाखवतो. म्हणतो, "असा मान त्यास्नी पुण्यात कुणी दिला नसंल."

"पण गाणं राहिलं की रं, दादा."

"गाणी काय, रेडिओवर बी लागत्यात."

तो मनापासून बोलतो. त्यानं त्या दिवशी पोरांसाठी जिवाचं रान केलं होतं, आणि माझ्यासाठीही. तो वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.