तिच्या हातातला बैल

दुपारी बांधाखाली बसून आम्ही नवराबायकोनं रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्ली. मिरची तिनं मला दिली, कांदा स्वतःकडं ओढला. दुष्काळी कामावरचं ते आमचं शेवटचं जेवण. मग कामावरच्या बायका जवळ सरकल्या. एकीनं कपाळाला दोन बोटं लावून दाखवली. म्हणजे बैलाची गोष्ट सांग.

माझी बायको जन्मापासून बहिरी. शाळा तिनं पाहिली नाही. मीही दुसरीतून उठलो. पण गोष्ट कशाला म्हणतात ते मला तिच्याकडून कळलं.

गोष्ट घोडेगावच्या बाजारातली. तिच्या बापाला तिथं बैलानं फाडलं तेव्हा ती त्याचं बोट धरून उभी होती. सांगताना आधी ती बाप व्हायची, बैलाचे दात बघणारा. मग मान खाली जायची, नाकपुड्या फुलायच्या आणि ती बैल व्हायची. एक हात शिंग, दुसरा हात बापाचं पोट. शिंग आत, वर, बाहेर. थांबायची. पुन्हा आत, वर, बाहेर. मग दोन्ही तळव्यांत आतडी धरून आमच्याकडं बघायची. शेवटी सगळा बाजार दाखवायची: जिकडंतिकडं उघडी तोंडं आणि आवाज कुठंच नाही. बायका पदर तोंडात धरायच्या. ते मधलं थांबणं चुकवायचं नाही. मी एकदा घाई करून दाखवलं तर फाडकन हातावर मारलं होतं.

तिच्याजवळ मुकादमाची नक्कलही होती. हसून ठसका लागायचा. आणि एक पाळणा होता, आमच्या गेलेल्या पोरीचा. हात झोके द्यायचे, सावकाश होत जायचे, मग तळवे उघडे, रिकामे. ती ओवीच. दुसरं नाव मला ठाऊक नाही.

जेवण उरकून ती मुरमाच्या खड्ड्यात उतरली. दरड खालून पोखरलेली होती. सुटली तेव्हा सगळे ओरडले, सगळे पळाले. तिची पाठ होती. आम्ही नखांनी मुरूम उपसला. आधी हात वर आले. डोकं आलं ते बघण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ सायकलवर आला. बाप मेला तेव्हा हा पाळण्यात होता. मयताचे हात छातीवर घेऊन अंगठे सुतळीनं बांधायची आमच्यात रीत. तिरडीजवळ बसून त्यानं सुतळी काढली.

"हात बांधू नको," मी म्हणालो.

"दाजी, रीत हाय."

"तिचं तोंड शिवल्यासारखं व्हईल. हातानं गोष्टी सांगायची ती."

"मुकी हुती माजी भन. चाळे करायची. गोष्ट तोंडानं सांगत्यात, कीर्तनात, तमाशात. सोयऱ्यांत हात नाचवाया लागली का आमाला खाली बघावं लागायचं."

मी त्याच्या तोंडावर बुक्की हाणली. तो उंबऱ्यावर आपटला. मी छातीवर बसलो आणि तीच सुतळी त्याच्या गळ्याला लावली. डोळे पांढरे झाले तरी माझा हात सुटेना. चौघांनी ओढून काढलं. त्याचा ओठ फाटला होता, माझी मूठ त्याच्या दातांनी फुटली होती.

कामावरची एक म्हातारी पुढं आली. तिनं सुतळी उचलून मडक्यातल्या विस्तवात टाकली. म्हणाली, "ह्या हातांनी मला रडवलंय. ऱ्हाऊ द्या मोकळं."

हात तसेच मोकळे ठेवून तिला नेलं. चिता पेटल्यावर तिचा उजवा हात कोपरातून सावकाश वर उठला. शिरा आखडल्या की उठतो, सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लोक मागं सरले. मेव्हणा तेवढा जागचा हलला नाही. हात कोसळेपर्यंत बघत राहिला.

सकाळी तो सायकल धरून अंगणात उभा होता. ओठ सुजून काळा झालेला.

"दाजी, माजा बाप कसा गेला? बैलानं मारलं, येवढंच सांगत्यात समदी. मी कंदी तिच्याकडं बघितलंच न्हाई."

"मला लई येळा सांगितलंय तिनं."

"मग सांगा की."

सायकल भिंतीला लावून तो ऐकायला म्हणून खाली मान घालून बसला. मी त्याची हनुवटी धरून मान वर केली. फुटलेल्या मुठीची बोटं उघडेनात. ती दुसऱ्या हातानं ओढून सरळ केली, रक्त आलं. मग तोंड मिटलं आणि आधी बैलाचे दात बघणारा बाप झालो.