तिघांनी अडवलेला गुडघा

"मॅडम, नुसतं फिट लिहा. बाकीचं आम्ही बघतो."

चितेगावच्या एका कंपनीचे एचआर मॅनेजर जाधव साहेब माझ्या क्लिनिकमध्ये ऐसपैस बसून सांगत होते. मी फिजिओथेरपिस्ट. बावीस वर्षं संभाजीनगरातले गुडघे आणि पाठी दाबतेय. 'बाकीचं आम्ही बघतो' म्हणणारा माणूस बाकीचं कधीच बघत नाही, एवढं मला कळतं.

ज्याला फिट लिहायचं तो टेबलावर पाय पसरून पडला होता. इब्राहिमा. मूळचा सेनेगलचा, वय एक्केचाळीस, एकेकाळचा फॉरवर्ड, म्हणजे ज्याच्याकडून गोलची अपेक्षा असते तो. आता कंपनीच्या फुटबॉल टीमचा कोच. त्याचं अख्खं करिअर डाव्या गुडघ्यावर दिसत होतं. वरचा व्रण मायदेशातला, डाकारचा, विशीतला. आतला बेल्जियमचा. तिसरा कोलकात्याचा, आणि तो कुणी शिवला देव जाणे, पोतं शिवावं तसा शिवलाय. शेवटची वर्षं हैदराबादला खेळला. तिथंच लग्न केलं, तिथलीच हिंदी उचलली.

"घुटना नक्को बोल रा मॅडम," तो छताकडं बघत म्हणाला. "मैंच मना रा उसको." म्हणजे गुडघा नको म्हणतोय आणि हाच त्याची समजूत काढतोय.

मी एमआरआय बघितला. गुडघ्याच्या हाडांमध्ये गादी असते, तिला मेनिस्कस म्हणतात. याची गादी जवळजवळ संपलेली. उभा राहील, चालेल. पळाला की खेळ खलास.

पण चार दिवसांनी कंपन्यांच्या स्पर्धेची फायनल होती, वाळूजच्या टीमशी. मोठ्या साहेबांना कोच स्वतः मैदानात हवा होता. नाही उतरला तर करार रिन्यू होणार नाही, असं जाधव बोलून गेले. करार गेला की व्हिसा जाणार. मग बायको आणि दोन मुली इथं, आणि हा डाकारला. मला असा संताप आला! माणसाला शिकवायला आणायचं आणि वरातीतल्या घोड्यासारखं नाचवायचं.

मी लिहिलं: उभं राहणे, चालणे, फिट. धावणे, उडी मारणे, अनफिट. मैदानात जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. जाधवांनी पहिली ओळ वाचली, खूश झाले आणि कागद खिशात घातला. इब्राहिमाला मी दम भरला, पळालास तर दुसरा गुडघा मी स्वतः येऊन फोडीन. तो हौ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कैलास आला. वाळूजच्या टीमचा कॅप्टन, घोटा मुरगळलेला. या शहरात खेळाडूंचं बघणारे आम्ही मोजकेच, त्यामुळे दोन्ही टीम माझ्याच टेबलावर.

"मॅडम, त्यो आफ्रिकेचा तुमच्याकडंच येतो ना? फिट हाय का?"

"मी पेशंटबद्दल बोलत नाही."

"म्हंजी लई डेंजर हाय म्हणा की."

"कैलास, पाय सरळ."

तो घोटा सोडून माझं तोंडच बघत बसला. मी चेहरा कोरा ठेवला.

फायनलला शून्य-शून्य असताना शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी इब्राहिमा उतरला. रमतगमत चालत समोरच्या गोलजवळ गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. लगेच तिघं त्याला चिकटले, त्यात कैलास पुढं. एकानं एकाला अडवायचं, त्याला मार्किंग म्हणतात. एकाला तिघं मी पहिल्यांदाच बघितले. तो चार पावलं डावीकडं गेला, तिघं डावीकडं. त्यानं वाकून बुटाची नाडी बांधली, तर तिघं शेजारी ताटकळत उभे. मी जीव मुठीत धरून एवढंच म्हणत होते, बाबा, पळू नको.

तिकडं इब्राहिमाच्याच टीमचे, कंपनीच्या स्टोअरमधले शेखभाई मोकळे. बॉल त्यांच्याकडं आला, जवळ कुणीच नाही. दुसऱ्याची चप्पल घालावी तसं त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि बॉल आत ढकलला. एक-शून्य. इब्राहिमा चालतच मिठी मारायला गेला.

करार रिन्यू झाला. पत्रात म्हणे 'आक्रमक खेळाबद्दल' कौतुक आहे. पत्र दाखवताना इब्राहिमाचे डोळे भरून आले आणि माझेही आले, खोटं कशाला सांगू.

सोमवारी कैलास धुसफुसत आला.

"मॅडम, एकदा पण पळाला नाय त्यो! तुम्हाला ठाऊक व्हतं."

"मी पेशंटबद्दल बोलत नाही."

"त्या दिशी बी हेच बोलल्या, म्हणून तर तिघं लावले!"

पेशंटचं गुपित राखायचं, हे कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवतात. त्यानं फायनल जिंकता येते, हे मात्र सिलॅबसमध्ये नव्हतं. मी कैलासला पाय सरळ करायला सांगितलं.