दोन माणसांचा पंप

१९३४ साली, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, माझ्या आईवडिलांनी मुंबईत शेतीची यंत्रे रंगवण्याचा हवेचा पंप विकत घेतला. तो दोन माणसांनी चालवायचा होता. वडिलांना एका माणसाचा हवा होता.

वडील रेवदंड्याला लोखंडी रहाट आणि नांगर दुरुस्त करून रंगवत. समुद्राची हवा लोखंडाला दोन वर्षे टिकू देत नाही. पाऊस संपला की वाड्यांमधल्या नारळ-सुपारीला शिंपणे सुरू होते, त्याच्या आत रहाट रंगवून व्हावे लागतात. चाकाला तांबडा रंग आणि घेरावर मधोमध दोन बोटे रुंद पिवळी पट्टी, ही वडिलांची पद्धत होती. पट्टी ते ब्रशने, आखणी न करता, एका दमात काढत. त्या पट्टीवरून रहाट कोणी रंगवला हे लांबून ओळखू येई.

आदल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एका वाडीवाल्याने नव्या चाकाकडे पाहून, पट्टी नागासारखी चालली आहे, असे हसत म्हटले. यंदा श्रावणात त्याने कळवले की रहाट रंगवायला तो अलिबागेचा माणूस बोलावणार आहे. भाद्रपदात दुसऱ्या वाडीवाल्याचा तसाच निरोप आला. सात वाडीवाल्यांपैकी पाच राहिले. वडिलांना दुसरे कुठलेही काम येत नव्हते आणि शिकायचे वयही नव्हते.

घरात हाताचा विषय निघत नसे. आई त्यांचा चहाचा कप अर्धाच भरी आणि कप पुढे ठेवून चुलीकडे तोंड करून बसे. वडील तो दोन्ही हातांनी धरून पीत. रिकामा झाला की ती न विचारता पुन्हा अर्धा भरी.

सुपारीवर औषध मारायचे पंप तेव्हा वाड्यांमध्ये आले होते. वडिलांनी एक मागून आणून त्यात रंग भरून पाहिला. थेंब मोठे पडले, रंग ओघळला. पण ब्रशशिवाय रंग देता येतो, हे त्यांनी पाहिले. मी मुंबईत एका दैनिकात बातमीदार होतो. रंगाचा पंप कुठे मिळतो याची चौकशी करण्याबद्दल मला पत्र आले. मजकूर वडिलांचा होता, अक्षर दुसऱ्याचे. त्यापूर्वीची सगळी पत्रे त्यांच्या हातची होती.

मी दुकान शोधून ठेवले. दोघे आगबोटीने आली. आई का आली, असे मी विचारले नाही. मुंबई बघायची राहिली आहे, असे तिने आपणहून सांगितले.

दुकानदार गुजराती होता. त्याने दोन पंप काढून ठेवले. पहिला लहान: डाव्या हाताने दट्ट्या मारायचा, उजव्या हातात फवारा, आणि रंगाचा डबा फवाऱ्यालाच लटकलेला. दुसऱ्याला उभा दांडा आणि लांब रबरी नळी होती. एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने नळीच्या टोकाचा फवारा धरायचा.

"काका, आ लहानवाला घ्या," दुकानदार म्हणाला. "एकदम सरस. बीजा माणसाची गरजच नाय."

दुसरा माणूस नको, वडिलांना नेमके तेच हवे होते. दुकानामागच्या चौकात एक जुना पत्रा उभा करून, डब्यात खडूचे पाणी भरून दिले गेले. वडिलांनी फवारा उचलला. भरलेल्या डब्याच्या वजनाने उजवा हात जास्तच हलू लागला आणि डावा दट्ट्यात अडकलेला होता. पत्र्यावर कुठे दाट, कुठे विरळ असे ढग उठले. दुकानदार आत जाऊन पावतीपुस्तक शोधू लागला. वडील पुन्हा एकदा मारून पाहतो म्हणाले. दुसऱ्या वेळीही तसेच झाले.

आई तोवर मोठ्या पंपापाशी उकिडवी बसली होती. तिने दुकानदाराला तो उघडून दाखवायला लावला. आत दट्ट्याच्या टोकाला चामड्याची वाटोळी चकती होती.

"ह्याच्यात चामडं हाय," ती वडिलांना म्हणाली. "झिजलं तर आपल्याकडं जोडं शिवनारा कापून देल. त्या लहान्याच्यात रबर असंल. ता फाटलं तर इलायतेहून यायची वाट बघत बसा."

दुकानदार काही बोलणार होता. आईने त्याच्याकडे प्यायला पाणी मागितले. तो पाणी आणायला गेला आणि परत आल्यावर गप्प राहिला.

"आनि दुसरा मानूस?" वडिलांनी विचारले.

"मी हाय ना."

"तू दांडा मारनार? लोक काय म्हनतील?"

"रहाटाला रेडा जुपतात, त्याला कोन काय म्हनतं?"

तिने पदर खोचला आणि दांडा मारायला सुरुवात केली. वडिलांच्या हातात नुसता फवारा होता, वजनाला पळीएवढा. ते पत्र्यासमोर उभे राहिले. डावा हात मोकळा होता. तो आपसूक वर आला आणि त्याने उजवे मनगट धरले. पत्रा वरपासून खालपर्यंत एकसारखा पांढरा झाला.

वडिलांनी फवारा खाली ठेवला.

"बरी हाय चकती," ते म्हणाले.

पंप गोणपाटात बांधून संध्याकाळी माझ्या खोलीवर आणला.

पुढचे काही मी रजेत पाहिले, काही आईने सांगितले. पिवळ्या पट्टीचा प्रश्न राहिला होता. फवाऱ्याने पट्टी निघत नाही. उपाय वडिलांनी काढला. चाक आधी पिवळे करायचे. सुपारीची गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे चिवट आवरण, भिजवून तिच्या दोन बोटांच्या पट्ट्या कापायच्या, त्या घेरावर घट्ट गुंडाळायच्या, आणि वरून तांबडा मारायचा. ओली विरी काढली की खाली पिवळी पट्टी, दोरीत धरल्यासारखी सरळ. विरीची टोके जिथे भेटत नसत तिथे बोटभर तांबडी फट राही. वडील ती ब्रशने भरत नसत.

पट्ट्या आई कापत असे. पहिल्या दिवशी वाडीच्या कुंपणाबाहेरून मासळीची पाटी घेऊन चाललेली एक कोळीण थांबली.

"काय गो वयनी, आता घोवाला वारा घालतंस?"

"घालतंय," आई दांडा न थांबवता म्हणाली. "तुझा घोव दर्यावर फुकटचा खातो."

कोळीण हसत गेली. पुढे ती येता-जाता तिथे पाटी उतरून बसू लागली.

पाच वाडीवाले टिकले. नागाची उपमा देणारा तिसऱ्या वर्षी परत आला. दुसरा आला नाही.

१९३६ मध्ये फवाऱ्याचे नवे तोंड घ्यायला मी त्याच दुकानात गेलो. दुकानदाराला आई आठवत होती. पाणी मागून तिने आपल्याला गप्प बसवले होते, असे तो म्हणाला. मी कशाबद्दल ते विचारले. त्याने लहान पंप उघडून दाखवला. त्यातही चामड्याचीच चकती होती. आईला ते ठाऊक होते. वडील पत्र्यापाशी असताना तिने आत दुकानात तसाच दुसरा लहान पंप आधी उघडायला लावला होता. मी ही गोष्ट घरी कळवली नाही.

१९३८ च्या दिवाळीत मी रेवदंड्याला होतो. अलिबागच्या त्या रंगाऱ्याचा पंप बिघडला होता आणि तो दुरुस्तीला वडिलांकडे आला. पंप लहान, एका माणसाचा, दुकानात पाहिलेल्यासारखाच होता. वडिलांनी ओटीवर बसून तो उघडला. झिजलेली चामड्याची चकती काढून त्यांनी उजेडात धरली आणि दोन्ही बाजूंनी पाहिली. आई समोर विरी कापत होती. तिचा कोयता थांबला.

वडिलांनी जोड्याच्या चामड्याची नवी चकती कापली, खोबरेल लावून बसवली आणि पंप बंद केला.

"उद्या चौलचा रहाट हाय," ते आईला म्हणाले. "पट्ट्या जरा जास्त काप."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पंप घेऊन चौलला गेली. दांडा आईच्या खांद्यावर होता, नळीचे वेटोळे वडिलांच्या.